गाळा भाड्याने घेताना रिकाम्या जागेचे फोटो कसे काढता?

मखरवाली
४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी गौरी-गणपतीची कापडी सजावट, लाकडी मखरं, चौरंग भाड्याने देते. वर्षाचे दोन महिने धावपळ असते, बाकीचे दहा महिने हे सगळं सामान कोरडं राहील अशा जागी ठेवायचं. त्यासाठी धायरीला ४०० चौरस फुटांचा गाळा तीन वर्षं घेतला होता. मार्चमध्ये सोडला. अनामत ६०,००० दिली होती, परत मिळाले ३८,०००. मालकांचं म्हणणं असं की मागच्या भिंतीची ओल आणि दाराशी फुटलेला कोबा माझ्या सामानामुळे.

ओल मी जागा घेतली त्या दिवशीही होती. मी बोटाने पोपडे काढून पाहिले होते, ते अजून डोळ्यांसमोर आहे. पण दाखवायला काही नाही. त्या गाळ्याचे शंभरेक फोटो माझ्याकडे आहेत आणि सगळ्यांत माझी मखरं आहेत. भिंत एकाही फोटोत दिसत नाही. २२,००० म्हणजे माझ्यासाठी एका सीझनचं नवं कापड.

१ जूनपासून नऱ्ह्याला दुसरा गाळा घेतेय. वर पत्रा, पुढे शटर, आत पोटमाळा. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फोटो नेमके कशाकशाचे काढायचे? आणि मालकांना "या फोटोंवर सही करा" म्हटलं तर त्यांना अपमान वाटेल का? गृहस्थ वयाने मोठे आहेत, स्वभावाने चांगले वाटले. सुरुवातच अविश्वासाने करायची नाहीये.

शटरवाला
४ मे, रात्री १०:०५

ताई, माझं कामच शटर दुरुस्तीचं. शटरचा फोटो काढून उपयोग नाही, व्हिडिओ काढा. खालपासून वरपर्यंत उघडताना आणि मग बंद करताना, आवाजासकट. चांगलं शटर एका हाताने वर जातं आणि सोडलं तिथे थांबतं. स्प्रिंग मेलेली असेल तर दोन माणसं लागतात आणि सोडल्यावर धाडकन खाली येतं. व्हिडिओत ते लगेच कळतं. सोडताना "स्प्रिंग तुम्ही घालवली" हा वाद मी आठवड्याला एकदा तरी ऐकतो. बाजूच्या गाईडमध्ये पट्ट्या घासतात का, खालची पट्टी वाकलीये का, कुलपाची कडी मूळची आहे की नंतर वेल्डिंग केलेली, याचे मात्र जवळून फोटो घ्या.

नीरजा_ठाणे
४ मे, रात्री १०:३१

आजचा पेपर हातात धरून फोटो काढायचा. तारीख पक्की! :)

भिवंडीकर_दादा
५ मे, सकाळी ७:१५

मी १४ वर्षं गोदामांत सुपरवायझर आहे. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, सगळीकडे फिरलो. नवीन गोदाम ताब्यात घेताना आम्ही पहिलं काम काय करतो सांगतो. भर दुपारी बारा-एकला आत जायचं, शटर पूर्ण खाली ओढायचं, दिवे बंद. पाच मिनिटं डोळे सरावू द्यायचे आणि वर बघायचं. पत्र्यात जिथे जिथे भोक आहे तिथे चांदणी दिसते. एका गोदामात आम्ही ४३ मोजल्या होत्या. जिथून ऊन येतं तिथून पाणी येणारच. त्या अंधारातच फोटो काढायचे, फ्लॅश न मारता. नंतर दिवे लावून त्याच जागेवर उभं राहून परत एक फोटो, म्हणजे चांदणी कुठल्या पत्र्यावर आहे ते कळतं.

सगळी गळती अशी दिसत नाही हेही लक्षात ठेवा. दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथून आणि स्क्रूच्या खालचा रबरी वायसर कडक झाला की तिथून पाणी झिरपतं, उजेड येत नाही. तिथे पत्र्याच्या आतल्या बाजूला गंजाचे ओघळ असतात. ते शोधा.

दुसरं, भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवी मळकट रेघ दिसते का बघा. ती पुराची रेघ. आमच्याकडे कामवारी नदीच्या बाजूच्या गाळ्यांत मालक नवा रंग मारतात आणि रेघ गायब होते. तेव्हा शेजारच्या गाळ्यात चहा प्यायला जायचं आणि विचारायचं. शेजारी खरं सांगतो.

मखरवाली
५ मे, सकाळी ८:०२

दादा, ही चांदण्यांची युक्ती मी नक्की करणार. तीन वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

अॅड_मंजिरी
५ मे, दुपारी १:२०

नीरजा, पेपरच्या कल्पनेबद्दल थोडं गंभीरपणे लिहिते, कारण अनेकांना ती पक्की वाटते. पेपर हातात असला की एवढंच सिद्ध होतं की फोटो त्या तारखेच्या *आधीचा* नाही. १ जूनचा पेपर घरात जपून ठेवून डिसेंबरमध्येही फोटो काढता येतो. जागा घेताना आपल्याला नेमकं उलटं दाखवायचं असतं, की ही भेग १ जूनला किंवा त्याआधीच होती. त्यासाठी फोटो त्या दिवशी *आपल्या हातातून बाहेर गेला* पाहिजे. त्याच संध्याकाळी मालकांना ईमेल करा. ईमेलची तारीख तुम्ही बदलू शकत नाही आणि ती त्यांच्याकडेही पोचलेली असते. पेपरचा उपयोग झालाच तर जागा सोडताना होईल.

आता कायद्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. नोंदणी न केल्याबद्दल मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. मखरवाली, तुमचा धायरीचा करार नोंदवलेला होता का?

आपल्याकडे गाळे बहुतेक 'लिव्ह अँड लायसन्स'वर देतात. हा परवाना भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ खाली येतो. त्यातलं कलम ५७ फार कमी लोकांना माहीत असतं: जागेतला जो दोष परवानाधारकाला किंवा त्याच्या मालाला धोक्याचा ठरू शकतो, जो मालकाला माहीत आहे आणि समोरच्याला नाही, तो मालकाने सांगितला पाहिजे.

फोटोंच्या पुराव्याबद्दल: १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्यात कलम ६३. फोटोची प्रत दाखल करायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, जुन्या कायद्याखाली, स्पष्ट केलं होतं की मूळ उपकरणच त्याच्या मालकाने कोर्टात हजर करून साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही. थोडक्यात, ज्या फोनवर फोटो काढले तो फोन बदलला तरी लगेच विकू नका, आणि मूळ फाईलला हात लावू नका. कापणं नाही, उजळ करणं नाही, वर बाण काढणं नाही. बाण काढायचेच तर वेगळ्या प्रतीवर.

मखरवाली
५ मे, दुपारी २:११

नोंदवलेला होता. पण त्यात "जागा चांगल्या स्थितीत मिळाली" असं एक वाक्य होतं आणि मी खाली सही केली होती. त्यांनी त्याच वाक्यावर बोट ठेवलं.

अॅड_मंजिरी
५ मे, दुपारी २:२५

ते वाक्य जवळपास प्रत्येक छापील मसुद्यात असतं. यावेळी त्याच्यापुढे एवढंच जोडून घ्या: "सोबतच्या छायाचित्रांत दाखवल्याप्रमाणे". आणि "वाजवी झीज वगळून" हे शब्द आहेत का ते बघा.

आप्पा_सांगलीकर
५ मे, रात्री ८:५०

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आमचे वडील हळदीचे व्यापारी. हरिपूरला कृष्णेकाठी जमिनीतली पेवं होती, त्यांत शेकडो पोती हळद वर्षानुवर्षं राहायची. पेव दुसऱ्याचं, हळद आमची. कागद नाही, फोटो नाही. पेव भरताना मालक, हमाल आणि वडील तिघे समोर. वडील स्वतः आत उतरून भिंतीला हात लावून बघायचे. उघडतानाही तिघे समोर. तोंड उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेने माणूस दगावतो. ती हवा जाईपर्यंत सगळे वर बसून गप्पा मारायचे. त्या गप्पांतच हिशेब मिटायचा. ताई, मालक चांगले वाटतात म्हणता ना, मग त्यांना सोबत घेऊन जागा फिरा. पहिल्याच दिवशी कॅमेरा रोखला की माणूस आखडतो.

कोथरूडची_माई
५ मे, रात्री ९:०५

आप्पा, ती पेवं अजून आहेत का हो? लहानपणी सहलीला नेलं होतं आम्हाला.

आप्पा_सांगलीकर
५ मे, रात्री ९:२२

२००५ च्या महापुरात बहुतेक गेली. पाणी आत शिरलं, माती ढासळली. आता हळद गोदामांत आणि शीतगृहांत असते.

गाळामालक_चाकण
६ मे, सकाळी ६:४८

आप्पा, तुमच्या वडिलांच्या गोष्टीत तिघे समोर होते हेच तर महत्त्वाचं. आज मालक पुण्यात, भाडेकरू चाकणला, चावी दलालाकडे. समोर कुणीच नसतं.

मी मालक आहे, दोन गाळे आहेत. एका भाडेकरूने "स्टेशनरी ठेवणार" म्हणून गाळा घेतला आणि बॅटऱ्या ठेवल्या. ऍसिड सांडून सहा फूट बाय चार फूट कोबा खाल्ला गेला, खालची खडी दिसायला लागली. अनामत ४०,०००, माझा खर्च त्याहून जास्त. तो म्हणाला, "कोबा असाच होता." माझ्याकडेही आधीचा फोटो नव्हता. त्या दिवसापासून मीच फोटो काढतो आणि भाडेकरूच्या आधी मीच पाठवतो. तेव्हा ताई, अपमानाची भीती बाळगू नका. "काका, उद्या तुम्हालाही उपयोगी पडतील" असं म्हणा, कारण ते खरंच आहे. एकच विनंती, माझ्या जागेचे फोटो दोषांसकट काढताना चांगल्या गोष्टींचेही काढा. नवी वायरिंग, नवा रंग, सगळे चालू दिवे. तेही जसेच्या तसे परत मिळाले पाहिजेत.

मखरवाली
६ मे, सकाळी ९:३०

दादा, ही बाजू माझ्या मनात आलीच नव्हती. चांगल्या गोष्टींचेही काढेन.

इसारकाठी
६ मे, दुपारी ३:४०

म्युनिकमध्ये राहतो. इथे घराबरोबर तळघरातली जाळीची कोठडी सामानासाठी मिळते आणि तिचाही ताबा 'युबरगाबेप्रोटोकॉल' भरून देण्याची पद्धत आहे. म्हणजे ताबा देताना दोघांनी मिळून फिरून भरलेला कागद: मीटरचे आकडे, किती चाव्या दिल्या, कुठे ओरखडा आहे, खाली दोघांच्या सह्या. इथे कुणाला त्यात अपमान वाटत नाही, कारण तो सगळ्यांसाठी सारखाच असतो. चाव्यांची संख्या लिहायला विसरू नका. फोटोत चाव्या एका रांगेत मांडा.

न्यूजर्सीकर_वहिनी
६ मे, संध्याकाळी ६:१५

आमच्याकडे सामानासाठी खोल्या महिन्याच्या भाड्याने मिळतात. करारात बहुधा लिहिलेलं असतं की आतल्या मालाची जबाबदारी कंपनीवर नाही, विमा तुमचा तुम्ही घ्या. त्यामुळे आम्ही खोलीपेक्षा सामानाचेच फोटो जास्त काढतो: प्रत्येक खोका उघडा असताना एक, बंद करून नंबर टाकल्यावर एक. मखरवाली, तुझे मखरांचे शंभर फोटो वाया गेले असं समजू नकोस. विम्यासाठी तेच लागतात.

चिपळूणची_लेक
६ मे, रात्री १०:५५

वहिनींचा मुद्दा मी अंगावर घेतलाय. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी पहाटे बाजारपेठेत शिरलं. आमचं दुकान आणि मागचं भाड्याचं गोदाम, दोन्हीत छपरापर्यंत पाणी. बाबांचा फोन, वह्या, बिलं, कपाट, सगळं चिखलात. विम्याचे सर्व्हेअर आले तेव्हा विचारलं, आधी काय होतं ते दाखवा. दाखवायला काय उरलं होतं?

वाचवलं एका योगायोगाने. मे महिन्यात दादाने नवे रॅक बसवले होते आणि हौसेने गोदामाचे पंधरा-वीस फोटो मला मुंबईला ईमेल केले होते. त्यात रॅक, रॅकवरचा माल, भिंतीवरचा मीटर, सगळं होतं. त्या फोटोंवर आणि घाऊक व्यापाऱ्यांकडून परत मागवलेल्या बिलांच्या प्रतींवर आमचा दावा उभा राहिला. बाबा ते फोटो बघून रडले होते, कारण दुकान जसं होतं तसं पुन्हा पाहायला मिळालं ते फक्त त्यांतच.

म्हणून एकच सांगते. फोटो त्या गाळ्यात, त्या फोनमध्ये, त्या गावात ठेवू नका. दुसऱ्या गावच्या माणसाला पाठवा.

कोथरूडची_माई
६ मे, रात्री ११:२०

लेकी, वाचून डोळ्यांत पाणी आलं. बाबा बरे आहेत ना आता?

चिपळूणची_लेक
७ मे, सकाळी ७:००

हो माई. दुकान परत सुरू आहे. गोदाम आता वरच्या मजल्यावर घेतलंय.

पिक्सेल_पंत
७ मे, दुपारी १२:१०

तांत्रिक भर घालतो. व्हॉट्सअॅपवर फोटो साधा पाठवला की तो आक्रसतो आणि त्यातली काढल्याची वेळ, जागा, कॅमेरा ही लपलेली माहिती निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते. फोटोवर तारीख-ठिकाण छापणारी अॅप्स आहेत, सरकारी कामांवरचे लोक वापरतात. चालेल, पण छापील पट्टी म्हणजे नुसती अक्षरं. फोनचं घड्याळ मागे केलं की तीही मागे जाते. म्हणून मंजिरीताई म्हणतात तसं त्याच दिवशी ईमेल.

आणि प्रकाश. समोरून फ्लॅश मारला की भिंत सपाट, छान दिसते. मोबाईलची बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. फुगवटे, पोपडे, जुन्या गिलाव्याची ठिगळं सावलीसकट उठून दिसतात. भेगेच्या प्रत्येक जवळच्या फोटोआधी एक लांबचा फोटो हवाच, नाहीतर सहा महिन्यांनी आपल्यालाच कळत नाही ही भेग कुठली. भेगेशेजारी मोजपट्टी धरा.

खडूफळा
७ मे, दुपारी १२:४०

शाळेत शिकवते, म्हणून माझा उपाय खडूचा. शटरपासून सुरू करून डावीकडून उजवीकडे फिरत जायचं आणि प्रत्येक दोषाशेजारी खडूने नंबर लिहायचा. मगच फोटो. तोच नंबर वहीत: "७, मागची भिंत, जमिनीपासून दोन फूट, ओल, हाताएवढी." आमच्या शाळेचं जुनं सामान ठेवलेली खोली सोडताना हीच वही कामी आली. मालक नंबर बघत बघत स्वतःच फिरले, एका शब्दाचा वाद नाही.

भिवंडीकर_दादा
७ मे, रात्री ९:३०

खडूची आयडिया एक नंबर. आणखी एक, ओल मे महिन्यात दिसत नाही. कोरड्या भिंतीवर पांढरा लोणा फुटलेला दिसला तर समजा पावसात ती भिंत रडते. शंका असेल तर दोन फूट प्लॅस्टिक घेऊन चारही कडा चिकटपट्टीने बंद करून लादीवर एक रात्र ठेवा. सकाळी आतल्या बाजूला घाम आला तर ओल खालून येतेय. त्याचाही फोटो. आणि ताब्याच्या दिवसाचे फोटो पुरत नाहीत, पहिल्या मोठ्या पावसानंतर परत जायचं आणि लगेच कळवायचं.

आप्पा_सांगलीकर
८ मे, सकाळी ८:१५

चिपळूणच्या लेकीचं वाचून रात्री झोप लागली नाही. २०१९ ला आमच्याकडेही कृष्णेचं पाणी आलं होतं. माझं म्हणणं दुरुस्त करतो. फोटो काढा, पण मालकाला सोबत घेऊन काढा. वडील भिंतीला हात लावायचे, तुम्ही कॅमेरा लावा. समोर दोघे असू द्या.

मखरवाली
२ जून, रात्री ८:३०

काल ताबा घेतला. सगळ्यांचं ऐकलं. काकांना सकाळी साडेअकराला बोलावलं आणि गाळामालक दादांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. काका म्हणाले, "अगं, मग मीच खडू धरतो." एकूण २३ नंबर झाले. चांदण्या ५ निघाल्या. शटर खाली ओढून आम्ही दोघे अंधारात वर बघत उभे होतो आणि काका म्हणाले, नऊ वर्षं गाळा माझा आहे, हे मी आज पहिल्यांदा बघतोय. नंबर १४ म्हणजे मागच्या कोपऱ्यातला गंजाचा ओघळ. मीटरचा आकडा, ३ चाव्या, ४ दिवे, १ पंखा, पोटमाळ्याच्या फळ्या, शटरचा व्हिडिओ, सगळं झालं. वहीवर दोघांच्या सह्या. संध्याकाळी काकांच्या मुलाला ईमेल केला आणि एक प्रत नागपूरच्या बहिणीला.

करारात "सोबतच्या छायाचित्रांत दाखवल्याप्रमाणे" हे शब्द घालून घेतले. दलाल कुरकुरला, काकांनी त्याला गप्प केलं.

शटरवाला
२ जून, रात्री ८:४४

शटर कसं आहे?

मखरवाली
२ जून, रात्री ८:५०

एका हाताने वर जातं, पण मध्ये थांबत नाही. नंबर २.

शटरवाला
२ जून, रात्री ८:५२

स्प्रिंगला ताण द्यावा लागेल. आत्ताच काकांना सांगा, छोटं काम आहे. वर्षभराने मोठं होईल.

मखरवाली
९ जुलै, सकाळी १०:२०

भिवंडीकर दादा, परवा रात्रभर पाऊस झाला, काल सकाळी गाळ्यावर गेले. नंबर १४ ला पाणी आलं होतं. मखरं त्या कोपऱ्यापासून लांब आणि फळ्यांवर ठेवली होती, त्यामुळे कापड कोरडं राहिलं. तिथेच उभी राहून फोटो काढला, १ जूनचा १४ नंबर शेजारी जोडला आणि काकांना पाठवला. त्यांनी "कधीपासून?" असं विचारलंच नाही. दुपारी पत्रेवाला आला. तीन वायसर बदलले, सांध्यावर पट्टी मारली. खर्च काकांनी दिला.

धायरीच्या २२,००० बद्दल मंजिरीताईंशी व्यक्तिगत निरोपातून बोलणं चालू आहे. शेजारच्या गाळेवाल्या भाऊंनी माझ्याआधीच्या भाडेकरूचा नंबर दिला. त्याच्या फोनमध्ये गाळ्यातल्या सत्यनारायणाचा फोटो सापडला. चौरंगामागे तीच भिंत आहे आणि ओल अगदी स्वच्छ दिसतेय.

अॅड_मंजिरी
९ जुलै, सकाळी ११:०५

त्याला सांगा, तो फोटो मूळ फाईल म्हणून डॉक्युमेंटने पाठव आणि फोन जपून ठेव. मी नोटिशीचा मसुदा आज रात्री पाठवते.